दुपट्ट्याखालचे हात

मुलांनो, पुढचं वाचण्याआधी एक करून पाहा. घरातला टॉवेल घ्या. जवळ जो कोणी असेल त्याला समोर बसवा. दोघांचे उजवे हात टॉवेलाखाली घाला आणि तुम्ही डोळे मिटून घ्या. त्यानं तुमच्या तळहातावर दोन बोटं ठेवली, तर दोन आहेत हे तुम्हाला लगेच कळेल. मूठ ठेवली, तर मूठ कळेल. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला मात्र काही कळणार नाही. त्याला फक्त टॉवेल दिसेल.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच होतात.

वैरागड्यांच्या घरात ते तसेच होत. घरातले सगळ्यात मोठे म्हणजे बापूजी. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथं सौदा तोंडानं बोलत नसत, कापडाखाली बोटं दाबून ठरवत. पुढे ते नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या धंद्यात आले. बैल सुटले, दुपट्टा सुटला नाही. घरात एकमत झालं नाही की तो तांबडा दुपट्टा कपाटातून निघायचा. घरातला कर्ता एका बाजूला हात घालून बसायचा आणि बाकीचे एकेक करून समोर यायचे. पाचही बोटं उघडी म्हणजे हो. बंद मूठ म्हणजे नाही. जास्त हात जिकडे, तिकडे घर. बरोबरी झाली तर पुन्हा हात घ्यायचे. कोणी काय दिलं ते कर्ता सांगत नसे, आणि नंतर कोणी कोणाला विचारतही नसे. ज्याच्याबद्दल प्रश्न असेल त्याचा हात घेत नसत. घरातलं सगळ्यात लहान मूल दुपट्ट्याची दोन टोकं धरून बसे, कारण लहान मूल कोणाच्या बाजूचं नसतं अशी समजूत होती. त्याने डोळे मिटून बसायचं, एवढा एकच नियम त्याला होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, प्रतापनगरच्या घरात रितिकाच्या लॅपटॉपसाठी दुपट्टा निघाला.

"दुकानात कॉम्प्युटर आहे न," रोहितकाका म्हणाला. तो कूलरच्या समोरची जागा धरून बसला होता. "बिलं झाली की रिकामाच असते तो. तिथं बसून कर न काय करायचं ते."

"काका, त्याच्यावर बिलं सोडून दुसरं काही चालतच नाही." रितिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष तिचं नुकतंच संपलं होतं. "आणि हे कंपनीतलं इंटर्नशिपचं काम दहा ते सहा आहे, रोज. तीन महिने. घरून करायचं आहे, पण त्या लोकांसोबत दिवसभर जोडून राहा लागते. त्यांनी साफ लिहिलं आहे, स्वतःचा लॅपटॉप असेल तरच होकार द्या."

"कॉलेजात लॅब आहे न?"

"सुट्टीत कुलूप असते तिले."

"मोबाईलवर काहून नाही होत वं?" हा प्रश्न सिंधूताईंचा. बापूजींची ही धाकटी बहीण बेसाहून रिक्षा करून खास आली होती. "आमच्याकडचे पोट्टे सारं मोबाईलवरच करून राहिले. बँक मोबाईलवर, भाजी मोबाईलवर. त्या कामिनीच्या पोराचं तर लग्नही मोबाईलवरच जुळलं."

"लग्न जुळते, आत्याआजी. प्रोग्रॅम नाही जुळत."

सिंधूताई खुदकन हसल्या. रोहितही हसणार होता, पण त्यानं आवरलं.

रितिकानं आपला फोन पुढं केला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला होता. "हे बघा. पूर्ण सेमिस्टर मी याच्यावर लिहिलं. चारशे ओळी, आणि दिसतात एका वेळी दहा. मागल्या महिन्यात एक कंस सुटला, तो शोधायले मले तीन तास लागले. बाकीच्यांनी तेवढ्यात पूर्ण काम जमा केलं. आमच्या ग्रुपनं मले काढलं, माहीत आहे का तुम्हाले? म्हणाले, तुझ्यासाठी आम्ही किती थांबायचं."

कूलरची मोटर घरघरत राहिली.

"आज सहाच्या आत होकार पाठवायचा आहे," ती म्हणाली. "नाही पाठवला तर माझी जागा मागच्या नंबरच्या मुलीले जाईल. आणि हे तीन महिने ज्यांनी केले नाही, त्यांना पुढं कोणी विचारत नाही."

तिचं सगळं त्या एका होकारावर होतं, आणि तो होकार देणं तिच्या हातात नव्हतं.

मिनल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोळ्यांचा डबा पुसत बसली होती. रोहितची बायको आणि रितिकाची काकू. नवऱ्याकडे एकदा बघून ती म्हणाली, "पोरीच्या हातात लॅपटॉप आला की ती खोलीचं दार लावून घेईल. आधीच या घरात कोणी कोणाशी बोलत नाही."

तिच्या पाठीमागे, ओट्यावर दोन शेगड्या होत्या. एक मिनलची, एक मोठ्या जावेची. रितिकाचे वडील मनोहरराव गेले त्या वर्षी दुसरी शेगडी आली, ती राहिलीच.

मिनलनं हे तोंडानं म्हटलं खरं. मनात तिच्या वेगळंच होतं. गेल्या आठवड्यात ती पहाटे पाणी भरायला उठली, तेव्हा जिन्याच्या पायरीवर रितिका बसलेली दिसली. फोन चार्जरला लावलेला, मान पूर्ण खाली, दोन्ही अंगठे चाललेले. "काकू, अंगठा वाकतच नाही वो आता," असं म्हणून पोरगी हसली होती. मिनलचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष लग्नाच्या तारखेत गेलं होतं. परीक्षेच्या दिवशी ती हळद लावून बसली होती. तिला तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. दुपट्ट्याखाली आपण पाच बोटं देणार, हे तिनं सकाळी कणीक मळतानाच ठरवलं होतं. नवऱ्यासमोर मात्र नवऱ्याच्याच बाजूनं बोलायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"मी आई आहे," शामला म्हणाली. ती खिडकीजवळ, सगळ्यांपासून हातभर दूर बसली होती. "माझ्या पोरीले पाहिजे आहे, तर मी काय नाही म्हणणार? तुम्ही ठरवा. या घरात तर तुम्हीच ठरवत आले."

'तुम्हीच' हा शब्द तिनं जरा थांबून उच्चारला. रोहितची मान खाली गेली. ती काही अपराधानं खाली गेली नव्हती. रागानं गेली होती.

आता चार वर्षांपूर्वीचं थोडं सांगायला हवं. त्याशिवाय हा राग कळणार नाही.

कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये नागपुरात कुठंच बेड मिळत नव्हता. शामलाचा नवरा, बापूजींचा थोरला मुलगा मनोहरराव, आतल्या खोलीत सिलिंडर लावून झोपला होता. दुपारी अमरावतीहून फोन आला की एक बेड आहे, तीन तासांत पोचवा. गाडी फाटकाशी आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, रस्त्यात काहीही होऊ शकतं, घरीही काहीही होऊ शकतं, तुम्ही ठरवा. गाडीवाल्यानं दहा मिनिटं दिली. रोहित न्या म्हणाला, मग नको म्हणाला, मग रडायलाच लागला. शेवटी बापूजींनी दुपट्टा काढला. शामला, रोहित, मिनल आणि त्या दिवसांत इथंच अडकलेल्या सिंधूताई, असे मोठ्यांचे चार हात झाले. बापूजींनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "नाही."

गाडी परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव गेले.

शामलानं पाच बोटं दिली होती. मग हिशोब सोपा होता. चारातला आपला एक हो. तरी नाही निघालं, म्हणजे उरलेल्या तिघांनीही मूठ दिली. दिरानं, जावेनं आणि आत्याबाईनं. विचारायची रीत नव्हती, म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं दुसरी शेगडी आणली.

आज खिडकीजवळ बसून ती लॅपटॉपचा विचार करत नव्हती. तिला पुढचं दिसत होतं. तीन महिन्यांनंतर नोकरी, नोकरी म्हणजे पुणं किंवा बंगलोर. पोरगी एका बॅगेत कपडे आणि एका बॅगेत तो लॅपटॉप घालून जाईल. मग या घरात आपण, आणि ज्यांनी मूठ दिली ते. इतकंच उरेल.

"चला," बापूजी म्हणाले. "भूमी, ये. टोकं धर."

भूमिका दहा वर्षांची होती, रोहित-मिनलची मुलगी. ती पाटावर बसली आणि दुपट्ट्याची टोकं दोन्ही मुठींत घट्ट धरून तिनं डोळे मिटले.

पहिला रोहित आला. तो एवढा वेळ दुकानाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलत होता, पण दुपट्ट्याखाली त्यानं पाच बोटं उघडली. दादाची पोरगी आहे, एवढंच त्याच्या मनात होतं. मग मिनल आली, तिनंही पाच दिली. सिंधूताई गुडघ्यावर हात टेकत आल्या, "मले काय समजते यातलं," असं पुटपुटल्या आणि त्यांनीही हात उघडा ठेवला. चारशे ओळी लिहिणाऱ्या पोरीला नाही म्हणायला त्यांना लाज वाटली.

शेवटी शामला आली. तिनं हात आत घातला. बोटं उघडायला गेली आणि तिची मूठ मिटली. ती मूठ तिनं बापूजींच्या तळहातावर ठेवली. काढून घ्यावीशी वाटली, पण तोवर झालं होतं.

मुलांनो, तुमचा तो टॉवेल आठवतो? आता त्याखालच्या आपल्या हातावर एक जाड रजई गुंडाळली आहे असं समजा. कोणी दोन बोटं ठेवली काय, मूठ ठेवली काय, तुम्हाला फक्त काहीतरी आहे एवढंच कळेल. कधी तेही नाही.

बापूजींचं तसं झालं होतं. साखर वीस वर्षांची. आधी पायांची बोटं गेली, मग हातांची. गांधीबागेत बापूजी वैरागडे डोळे झाकून नुसत्या अंगठ्यानं कापड ओळखत, पॉपलीन कुठलं आणि लाँगक्लॉथ कुठलं ते सांगत. एके दिवशी त्यांच्या हातात कापड आलं आणि ते काहीच बोललं नाही. त्यांनी ते दुसऱ्या हातात घेऊन पाहिलं. तोही मुका. त्यानंतर गुडघे दुखतात म्हणून त्यांनी दुकान सोडलं. खरं कारण कोणालाच सांगितलं नाही, डॉक्टरलाही नाही. कापडाच्या माणसाला कापड कळत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुपट्टा मात्र सोडता येईना. तो सोडला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते चेहरे बघत. समोरचा हात घालतो तेव्हा त्याच्या कपाळावर, ओठांवर काय येतं त्यावरून ठरवत. एवढी वर्षं या माणसांना ओळखतो, एवढं तर आपल्याला कळेलच, असं त्यांना वाटे.

आज त्यांना रोहितची खाली गेलेली मान दिसली. मिनलचे घट्ट मिटलेले ओठ दिसले. शामलाचा चेहरा तर राखेसारखा झाला होता.

त्यांनी हात बाहेर काढला. "नाही," ते म्हणाले.

रितिका रडली नाही. तिनं मान हलवली आणि दारातच खाली बसली. तडा गेलेल्या काचेवर ती त्या लोकांना नकार लिहू लागली. तिचा अंगठा अडखळत होता.

रोहितनं बायकोकडे पाहिलं, हिनं मूठ दिली तर. मिनलनं नवऱ्याकडे पाहिलं, यांनीच. सिंधूताईंनी दोघांकडेही पाहिलं. शामलाला वाटलं, आपण एकट्याच नव्हतो, बाकीच्यांनीही मुठीच दिल्या. तिला थोडं हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची तिला शिसारी आली.

पाटावर भूमिका अजून टोकं धरूनच बसली होती. तिचे डोळे उघडे होते.

ते आत्ता उघडले नव्हते. पहिला हात आत आला तेव्हाच उघडले होते. दुपट्ट्याच्या टोकाशी जो बसतो त्याला खालचं सगळं दिसतं, म्हणून तर डोळे मिटायचा नियम होता. ती नियम मोडणारी मुलगी नव्हती. पण सकाळी तिनं एक पाहिलं होतं. तिच्या आबाजींनी, म्हणजे बापूजींनी, चहाचा स्टीलचा गिलास हातात घेतला, तेव्हा तो इतका गरम होता की तिला नुसता टेबलावर सरकवतानाही चटका बसला होता. आबाजी तो धरून पेपर वाचत राहिले. नंतर त्यांच्या तळहातावर पांढरा फोड आला. "डास चावला," ते म्हणाले. गेल्या वर्षीपासून त्यांच्या सदऱ्याची बटणंही तीच लावून देत होती. तेव्हा तिनं आज डोळे उघडले आणि पाहिलं. तीन हात उघडे. एक मूठ. आणि आबाजींची बोटं, सगळ्यांच्या हातांखाली, जराही न हलणारी.

मूठ कोणाची ते तिला माहीत होतं. ते सांगायचं नाही, हेही तिला कळत होतं.

"आबाजी," ती म्हणाली, "माझापण हात घ्या."

"गप बस वं," रोहित म्हणाला. "झालं ते झालं."

"घेऊ दे न," बापूजी म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "या घरात कोणी हात पुढं केला तर आपण नाही म्हणत नाही." त्यांनी उजवा हात पुन्हा दुपट्ट्याखाली घातला. "दे बेटा."

सगळे बापूजींकडे बघत होते. भूमिका आबाजींकडे बघत होती. बापूजी नेहमीसारखे समोरचा चेहरा तेवढा बघत होते. मग बापूजींनी मान डोलावली. "समजलं. पाचही दिले माझ्या वाघिणीनं."

"आबाजी," भूमिका हळू म्हणाली, "माझे दोन्ही हात इथंच आहेत."

तिनं ते उचलून दाखवले. दोन मुठी, दोन्हींत दुपट्ट्याची टोकं. ती तिनं एकदाही सोडली नव्हती.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, मोटर कोरडी ओरडत होती. ती बंद करायलाही कोणी उठलं नाही.

"बापूजी?" रोहित म्हणाला.

बापूजींनी हात मांडीवर घेतला आणि त्यावरचा फोड जणू पहिल्यांदाच दिसावा तसे त्याकडे बघत राहिले. "समजत नाही गा हाताले काही," ते म्हणाले. "बरेच वर्षं झाले."

"किती?" हे शामलानं विचारलं.

"सहा."

तिनं ओठांतल्या ओठांत मोजलं. "सहा," ती म्हणाली. "म्हणजे यांच्या वेळी..."

बापूजींनी होकारार्थी मान हलवली.

मग रोहितनं ते केलं जे त्या घरात चार पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. त्यानं विचारलं. "वहिनी, दादाच्या वेळी तुम्ही काय दिलं होतं?"

"पाच."

"खरं सांगा."

"पाच, भाऊजी. मी पाच देऊन बाहेर गाडीपाशी पळाली होती. चादर घेऊन."

रोहित उभा राहिला आणि पुन्हा बसला. "मीपण पाच दिले होते," तो म्हणाला. "नाही निघालं, तेव्हा मले वाटलं... चार वर्षं मले वाटत राहिलं की तुम्हीसुद्धा मूठ दिली. नवऱ्याले. म्हणून मी तुमच्या तोंडाकडे पाहत नव्हतो."

"मीपण पाच," मिनल नवऱ्याला म्हणाली. डबा तिच्या मांडीवरून घसरून पडला. "मी समजत होती, तुम्ही दिली मूठ. सख्ख्या भावाले. रात्रंदिवस तुमच्या ताटात वाढत होती आणि हेच समजत होती."

आता सगळ्यांच्या नजरा सिंधूताईंकडे गेल्या. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"मी दिली," ती म्हणाली. "मूठ मीच दिली. पोरगा रस्त्यात जाईल, एकटा, त्या गाडीत. घरी गेला तर तोंडात पाणी तरी पडेल कोणाच्या हातचं. मले एवढंच समजलं तेव्हा. एकटी मीच होती का?"

एकटी तीच होती. तीन हो आणि एक नाही. घरानं 'न्या' म्हटलं होतं.

"मी तुमच्याकडे पाहिलं," बापूजी म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते. "चौघंही पांढरे पडले होते. मले वाटलं, घर नाही म्हणून राहिलं."

"आम्ही भ्यालो होतो, बापूजी," मिनल म्हणाली. "भ्यालो होतो फक्त."

"एक डाव सांगायचं होतं!" रोहित ओरडला. "हाताले समजत नाही, एवढं! दुसऱ्या कोणी हात घेतले असते, तोंडानं विचारलं असतं. काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली गा."

रोहितनं उठून कूलर बंद केला.

अमरावतीला नेलं असतं तर मनोहरराव वाचले असते का? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, मला माहीत नाही. त्या दिवसांत नेलेलेही गेले आणि घरी राहिलेलेही वाचले. पण एक माणूस लाजेपायी गप्प राहिला, आणि एका घरातल्या तीन माणसांनी चार वर्षं एकमेकांना मारेकरी मानलं, हे मला नक्की माहीत आहे. त्याचा उपाय कुठल्याच डॉक्टरकडे नव्हता.

दारात रितिका फोन हातात धरून बसली होती. नकार लिहून झाला होता, पाठवला नव्हता. घड्याळात साडेपाच होत आले होते.

शामला तिच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "आज काय निघालं, ते पुन्हा पाहा."

"आता काय दुपट्टा, वहिनी," रोहित म्हणाला.

"दुपट्ट्याखाली नाही. वर." तिनं दुपट्टा भूमिकेच्या हातून घेतला आणि सगळ्यांच्या मध्ये फरशीवर पसरला. "ठेवा हात. आणि बापूजी, तुम्ही डोळ्यांनी मोजा. डोळे तर आहेत न अजून."

त्या आवाजात दया नव्हती. बापूजींनी चष्मा लावला.

रोहितनं हात उघडा ठेवला. मिनलनं त्याच्या शेजारी ठेवला. क्षणभर दोघांनी एकमेकांच्या बोटांकडे पाहिलं. सिंधूताईंचा सुरकुतलेला हात आला, तोही उघडा. शेवटी शामलानं आपला हात पुढं केला.

मूठ.

"आई?" रितिका म्हणाली.

"हो. मघाशीही हीच दिली होती." शामलानं मूठ मागं घेतली नाही. "तू जाशील म्हणून. मी यांच्यापाशी एकटी राहीन म्हणून. आता यांनी काही केलं नव्हतं हे समजलं, तरी उघडत नाही वं. चार वर्षांची सवय आहे हिले." तिनं सासऱ्याकडे मान वळवली. "मोजा."

"तीन," बापूजी म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजलं. "तीन हो. एक नाही."

"मग झालं. माझी मूठ मूठच राहू द्या, पण या वेळी घरानं जे म्हटलं तेच होऊ द्या." तिनं लेकीकडे पाहिलं. "रितू, ते पुसून टाक लिहिलेलं. होकार पाठव. उद्या सकाळी काका आणेल."

रितिकानं लिहिलेलं पुसलं. होकार दोन ओळींचा होता, तरी तिला वेळ लागला, कारण काच ओली झाली होती आणि अंगठा सारखा घसरत होता. पावणेसहाला तो गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी पोरीच्या पाठीवर हात ठेवला नाही. प्रत्येकजण आपापल्या चार वर्षांकडे बघत बसला होता.

मग शामला उठली. स्वयंपाकघरात गेली. आपली शेगडी पेटवली, पातेलं मात्र मोठं घेतलं. बऱ्याच वेळानं तिनं सगळ्यांना चहा आणून दिला. रोहितला, मिनलला, आत्याबाईंना. बापूजींच्या समोर तिनं गिलास ठेवला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि 'घ्या' असंही म्हटलं नाही. बाकीचे खिडकीजवळ सरकून बसले होते. बापूजींच्या बाजूला कोणीच नव्हतं. त्यांनी गिलासाकडे पाहिलं. तो किती गरम आहे हे त्यांना कळत नव्हतं, आणि आता ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांचा हात पुढं होईना.

भूमिकेनं आधी आईकडे पाहिलं, मग मोठ्या आईकडे, शामलाकडे. कोणीच तिला काही सांगितलं नाही.

ती पाटावरून उठली, आबाजींच्या पुढ्यात जाऊन बसली. तिनं तो गिलास फ्रॉकच्या घेरात धरून उचलला, फुंकर घातली, आपल्या तळहाताला लावून पाहिला. चटका बसला. तिनं पुन्हा फुंकर घातली, पुन्हा लावून पाहिला. असं चार-पाचदा केलं. मग आपल्या हाताला सोसेल एवढा तो निवला, तेव्हा तिनं आबाजींचा फोड नसलेला हात घेतला, त्याचं एकेक बोट गिलासाभोवती मिटवलं, आणि त्यांनी शेवटचा घोट घेईपर्यंत आपला हात वरून काढला नाही.